प्रोसेसरच्या क्षमतेवर सॉफ्टवेअरचे परवाने कसे मोजावेत: पीव्हीयू, कोअर फॅक्टर आणि सब-कपॅसिटी

मोठ्या संस्थेसाठी डेटाबेस, ॲप्लिकेशन सर्व्हर किंवा मेसेजिंगचे सॉफ्टवेअर घेताना खरेदी विभाग साहजिकच विचारतो की ते वापरणारे लोक किती असतील. प्रोसेसरवर आधारित परवान्यात त्या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही, कारण तिथे ते सॉफ्टवेअर ज्या यंत्रावर चालते, आणि काही करारांनुसार ज्या यंत्रावर चालू शकते, त्या यंत्राची गणनाक्षमता मोजली जाते. सर्व्हर दिवसभर पाच टक्के वापरावर पडून असला तरी बिलात फरक पडत नाही. उलट वापर तसूभरही न वाढता केवळ क्लस्टरमध्ये (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटात) एक होस्ट, म्हणजे एक सर्व्हर, जोडला म्हणून देणे काही लाखांनी वाढू शकते. म्हणून परवान्याची मोजणी हा खरेदीनंतरचा हिशेब नसून सर्व्हरच्या रचनेचाच भाग आहे, आणि ती इन्स्टॉलेशनच्या आधी झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. उदाहरणे प्रामुख्याने आयबीएम आणि ओरॅकलची घेतली आहेत, कारण या दोघांचे नियम समजले की बाकीच्यांचे नियम वाचणे सोपे जाते.

कोअर मोजण्याची वेळ का आली

एका प्रोसेसरमध्ये एकच कोअर, म्हणजे एकच स्वतंत्र गणक, असे तोवर ‘प्रति प्रोसेसर’ हा परवाना सरळ होता. २००१ मध्ये आयबीएमच्या पॉवर४ या चिपमध्ये दोन कोअर आले आणि २००५ मध्ये एएमडी व इंटेल यांनी एक्स८६ (नेहमीच्या सर्व्हर व पीसीच्या) वर्गातही दोन कोअरचे प्रोसेसर आणले. एकाच सॉकेटमध्ये, म्हणजे चिप बसते त्या एका जागेत, दुप्पट काम होऊ लागल्यावर सॉकेट मोजून पैसे घेणे विक्रेत्यांना परवडेना. आयबीएमने २००६ मध्ये प्रोसेसर व्हॅल्यू युनिट, म्हणजे पीव्हीयू, हे एकक आणले. त्यात एक कोअर असलेल्या प्रोसेसरला १०० पीव्हीयू धरले आणि एक्स८६ च्या दोन कोअरच्या प्रोसेसरला प्रति कोअर ५० पीव्हीयू दिले, त्यामुळे सॉकेटमागचे देणे तेवढेच राहिले. पुढे प्रत्येक नव्या प्रोसेसरला त्याच्या वर्गानुसार आकडा मिळत गेला. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हरसाठी कोअरची मोजणी २०१२ च्या आवृत्तीपासून सुरू केली आणि विंडोज सर्व्हरसाठी २०१६ च्या आवृत्तीपासून.

पायरी १: करारातले एकक नेमके कोणते ते पाहा

एकाच विक्रेत्याचे एकच उत्पादन वेगवेगळ्या एककांत विकले जाते, त्यामुळे उत्पादनाच्या नावावरून अंदाज बांधू नये. परवान्याचे प्रमाणपत्र किंवा ऑर्डरचा कागद काढावा आणि त्यावर पीव्हीयू, व्हीपीसी (व्हर्च्युअल प्रोसेसर कोअर), प्रोसेसर, कोअर, सॉकेट की नोंदणीकृत वापरकर्ता यांपैकी काय लिहिले आहे ते टिपून घ्यावे. ओरॅकल डेटाबेसची एंटरप्राइझ आवृत्ती ‘प्रोसेसर’ या एककात मिळते, पण तो प्रोसेसर म्हणजे चिप नव्हे, तर कोअरची संख्या गुणिले कोअर फॅक्टर, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकारानुसार ठरलेला गुणक. त्याच कंपनीची स्टँडर्ड एडिशन २ मात्र सॉकेटवर मोजली जाते. ती जास्तीत जास्त दोन सॉकेटच्या सर्व्हरवरच चालवता येते आणि डेटाबेस स्वतःहून १६ थ्रेडच्या वर जात नाही. वापरकर्त्यांवर आधारित परवाना घेतला तरी प्रोसेसर सुटत नाही. ओरॅकलच्या एंटरप्राइझ आवृत्तीत प्रति प्रोसेसर किमान २५ नोंदणीकृत वापरकर्ते मोजावेच लागतात, मग प्रत्यक्षात माणसे दहा का असेनात.

याच वेळी उत्पादनाची आवृत्ती, खरेदीची तारीख आणि त्या तारखेला लागू असलेल्या अटींची प्रत एकत्र ठेवावी. विक्रेत्याच्या संकेतस्थळावरचे तक्ते बदलत राहतात आणि वाद झाला तर तुमच्या सहीच्या करारात काय आहे तेच विचारले जाते.

पायरी २: यंत्र प्रत्यक्ष मोजा

इथे सॉकेट, कोअर आणि थ्रेड या तीन पातळ्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. मदरबोर्डवर चिप बसते ती जागा म्हणजे सॉकेट, त्या चिपमधले स्वतंत्र गणक म्हणजे कोअर, आणि हायपरथ्रेडिंग चालू असताना एका कोअरचे ऑपरेटिंग सिस्टिमला दिसणारे दोन चेहरे म्हणजे थ्रेड. लिनक्सवर एलएससीपीयू ही आज्ञा दिली की ‘सीपीयू’ या ओळीसमोर थ्रेडची एकूण संख्या दिसते. १६ कोअरच्या दोन चिप असतील तर तिथे ६४ दिसतात, आणि घाईत तोच आकडा कोअर म्हणून उचलला जातो. खरा आकडा खालच्या दोन ओळींत असतो. सॉकेटची संख्या आणि प्रति सॉकेट कोअर यांचा गुणाकार करावा, म्हणजे या उदाहरणात ३२ मिळतात.

हीच आज्ञा व्हर्च्युअल मशीनच्या (एका यंत्रावर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी सर्व्हरच्या) आत दिली तर तिच्यावर भरवसा ठेवू नये. व्हर्च्युअल मशीनला जे सॉकेट दिसतात ते हायपरवायझरने, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, मांडलेले चित्र असते आणि खालच्या यंत्राशी त्याचा संबंध असेलच असे नाही. भौतिक माहिती होस्टवरून किंवा व्हीएमवेअरच्या व्हीसेंटरसारख्या व्यवस्थापन साधनातूनच घ्यावी. सर्व्हरचे मॉडेल, प्रोसेसरचे पूर्ण नाव व क्रमांक, भरलेले सॉकेट, आणि त्या मॉडेलमध्ये एकूण किती सॉकेट बसू शकतात, या चारही गोष्टी नोंदवाव्यात. शेवटची गोष्ट अनेक जण सोडून देतात, पण पुढच्या पायरीत दर तिच्यावरच ठरतो.

पायरी ३: कोअरचे एककात रूपांतर करा

आयबीएमच्या तक्त्यात इंटेलच्या झिऑन वर्गातल्या प्रोसेसरसाठी सर्व्हर जास्तीत जास्त दोन सॉकेटचा असेल तर प्रति कोअर ७०, चार सॉकेटचा असेल तर १००, आणि त्याहून मोठा असेल तर १२० पीव्हीयू असे टप्पे आहेत. इथे सर्व्हरची कमाल सॉकेटक्षमता पाहिली जाते, भरलेले सॉकेट नव्हे. चार सॉकेटचा सर्व्हर घेऊन त्यात दोनच चिप बसवल्या तरी दर १०० चाच लागतो. ३२ कोअरमागे ही तफावत २,२४० आणि ३,२०० पीव्हीयू इतकी होते, आणि ती केवळ पुढे कधीतरी वाढ करता यावी म्हणून मोठी पेटी निवडल्यामुळे.

ओरॅकलमध्ये इंटेल आणि एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरसाठी कोअर फॅक्टर ०.५ आहे, तर आयबीएमच्या अलीकडच्या पॉवर प्रोसेसरसाठी तो १ आहे. ३२ कोअरच्या एक्स८६ सर्व्हरला १६ प्रोसेसर परवाने लागतात. गुणाकार अपूर्णांकात आला तर वरच्या पूर्णांकाला जायचे, म्हणजे ९ कोअर असतील तर साडेचार नव्हे, पाच.

मायक्रोसॉफ्टकडे गुणक नाही, पण किमान मर्यादा आहेत. विंडोज सर्व्हरसाठी प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ८ आणि प्रत्येक सर्व्हरमागे किमान १६ कोअरचे परवाने घ्यावे लागतात. एसक्यूएल सर्व्हर व्हर्च्युअल मशीननिहाय घेतला तर प्रत्येक मशीनला किमान ४ कोअर धरले जातात. त्यामुळे दोन व्हीसीपीयूच्या (व्हर्च्युअल मशीनला दिलेल्या आभासी प्रोसेसरच्या) लहान मशीन पुष्कळ काढून ठेवणाऱ्याला प्रत्येकीमागे दुप्पट पैसे मोजावे लागतात. अशा वेळी लहान डेटाबेस एकत्र आणणे हाच स्वस्त मार्ग ठरतो.

पायरी ४: मोजणीची सीमा ठरवा

साऱ्या विषयाचे मर्म इथे आहे. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. व्हीएमवेअरच्या क्लस्टरमध्ये तीन होस्ट आहेत, प्रत्येकात १६ कोअरच्या दोन चिप आहेत, आणि आठ व्हीसीपीयूच्या एकाच व्हर्च्युअल मशीनवर आयबीएम एमक्यू हे मेसेजिंगचे सॉफ्टवेअर चालते आहे. व्हीमोशनमुळे, म्हणजे चालू मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवण्याच्या सोयीमुळे, ती मशीन तिन्ही होस्टवर फिरून आली आहे.

पूर्ण क्षमतेने मोजले तर ९६ कोअर गुणिले ७०, म्हणजे ६,७२० पीव्हीयू होतात. आयबीएमच्या सब-कपॅसिटीच्या, म्हणजे यंत्राचा फक्त त्या सॉफ्टवेअरला दिलेला भाग मोजण्याच्या, अटींनुसार मोजले तर त्या मशीनला दिलेले आठ व्हीसीपीयूच आठ कोअर म्हणून धरले जातात आणि ५६० पीव्हीयू पुरतात. देणे थेट बारा पटींनी बदलते. शिवाय वरची मर्यादाही ग्राहकाच्या बाजूने आहे. एकाच होस्टवर आठ-आठ व्हीसीपीयूच्या पाच मशीन उभ्या केल्या तर बेरीज ४० येते, पण होस्टमध्ये भौतिक कोअर ३२ च असल्याने त्या होस्टसाठी ३२ पेक्षा जास्त मोजले जात नाहीत.

मात्र ही सवलत आपोआप मिळत नाही. त्यासाठी आयबीएमचे लायसन्स मेट्रिक टूल, म्हणजे आयएलएमटी, बसवावे लागते. सब-कपॅसिटीस पात्र असलेले उत्पादन पहिल्यांदा बसवल्यापासून ९० दिवसांच्या आत ते चालू झालेले असावे, किमान दर तिमाहीला अहवाल काढलेला असावा, आणि ते अहवाल दोन वर्षे जपलेले असावेत. यातले काही राहिले तर विक्रेता पूर्ण क्षमतेची मोजणी लावू शकतो, आणि आपल्या उदाहरणात त्याचा अर्थ ५६० च्या जागी ६,७२० असा होतो. आयएलएमटीसाठी वेगळे पैसे लागत नाहीत, तरीही ते बसवायचे राहून जाते, कारण ते कोणाचेच काम नसते: डेटाबेसवाल्यांना वाटते की ते इन्फ्रावाल्यांचे आहे आणि इन्फ्रावाल्यांना वाटते की ते खरेदीचे आहे. त्याला एक नाव नेमून द्यावे, आणि तिमाहीच्या अहवालाची तारीख त्या व्यक्तीच्या कॅलेंडरमध्ये असावी.

आयएलएमटी बसले म्हणजे संपले असेही नाही. प्रत्येक मशीनवरचा एजंट मशीनच्या आतले सॉफ्टवेअर ओळखतो, पण खालचा होस्ट कोणता हे त्याला कळत नाही. ती माहिती व्हीएम मॅनेजरच्या जोडणीतून, म्हणजे व्हीसेंटरला लावलेल्या खात्यातून येते. त्या खात्याचा पासवर्ड बदलला आणि इथे अद्ययावत केला नाही तर जोडणी तुटते, अहवालात ‘व्हीएम मॅनेजरची माहिती नाही’ अशी नोंद येते, आणि प्रोसेसर ओळखता न आल्याने टूल प्रति कोअर सरसकट १२० पीव्हीयू धरते. आठ व्हीसीपीयूंचे ५६० चे ९६० होतात, आणि तेही गाजावाजा न होता. म्हणून अहवालावर सही करण्याआधी ही नोंद शोधणे ही सवयच करून घ्यावी.

दुसरी काळजी वर्गीकरणाची आहे. आयबीएमची अनेक उत्पादने सोबत दुसरे उत्पादन मर्यादित वापरासाठी देतात. टूलला मशीनवर डीबी२ हे डेटाबेसचे सॉफ्टवेअर दिसते, पण ते स्वतंत्र विकत घेतलेले आहे की एखाद्या मोठ्या उत्पादनाच्या पोटात आलेले आहे, हे त्याला दर वेळी ठरवता येत नाही. ते माणसाने करारपत्र समोर ठेवून नेमून द्यायचे आणि पक्के करायचे असते. तसे न केल्यास फुकट मिळालेल्या घटकाचे पीव्हीयू अहवालात चढतात आणि तो अहवाल तुमच्याच विरुद्धचा पुरावा होतो.

तिसरी गोष्ट शिखराची. कालावधीतला सर्वोच्च आकडा धरला जातो, सरासरी नव्हे. चाचणीसाठी आठवडाभर मशीनला १६ व्हीसीपीयू दिले आणि मग परत घेतले, तरी त्या तिमाहीत परवाना १६ चाच लागतो.

हेच क्लस्टर ओरॅकलच्या नजरेतून

आता त्याच मशीनवर एमक्यूऐवजी ओरॅकल डेटाबेसची एंटरप्राइझ आवृत्ती आहे असे समजा. ओरॅकल सर्व्हरच्या क्षमतेच्या विभागणीचे दोन प्रकार मानते: हार्ड, म्हणजे सर्व्हर पक्का विभागणारी, आणि सॉफ्ट, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सेटिंगने क्षमता मर्यादित करणारी. व्हीएमवेअरमधली विभागणी सॉफ्ट समजली जाते आणि तिच्या आधारे परवाने कमी करता येत नाहीत, अशी त्या कंपनीची भूमिका आहे. तिच्यानुसार मशीनला आठ व्हीसीपीयू दिले आहेत ही बाब निरर्थक ठरते आणि ती मशीन जिथे जिथे जाऊ शकते ते सारे होस्ट मोजावे लागतात. तिन्ही होस्टचे ९६ कोअर गुणिले ०.५, म्हणजे ४८ परवाने. यादीतला दर प्रति प्रोसेसर ४७,५०० डॉलर धरला तर २२ लाख ८० हजार डॉलर होतात, आणि दरसालच्या २२ टक्के सपोर्टचे ५ लाख १ हजार ६०० डॉलर वेगळे. हेच काम क्लस्टरबाहेर काढलेल्या एका स्वतंत्र सर्व्हरवर ठेवले तर १६ परवाने, म्हणजे ७ लाख ६० हजार डॉलर. प्रत्यक्ष व्यवहारात सूट मिळते, पण गुणोत्तर तेच राहते.

ही भूमिका ओरॅकलने आपल्या विभागणीविषयक धोरणपत्रात मांडली आहे, आणि ते धोरणपत्र प्रत्येक ग्राहकाच्या कराराचा भाग असतेच असे नाही. तुमच्या करारात काय आहे ते विधिज्ञाकडून तपासून घ्यावे. तोवर रचना मात्र अशी ठेवावी की वादाला जागाच राहू नये: ओरॅकलसाठी वेगळे क्लस्टर, वेगळे स्टोरेज, आणि इतर होस्टकडे मशीन हलवता येणार नाही असे वेगळे जाळे.

ओरॅकलमध्ये आणखी एक बाजू लक्षात ठेवावी लागते. पार्टिशनिंग, डायग्नोस्टिक्स पॅक, ट्यूनिंग पॅक ही जोड उत्पादने मूळ डेटाबेसइतक्याच प्रोसेसरसाठी स्वतंत्रपणे विकत घ्यावी लागतात, पण ती तांत्रिकदृष्ट्या बंद नसतात. एंटरप्राइझ आवृत्तीत डायग्नोस्टिक्स आणि ट्यूनिंग या दोन्ही पॅकचा वापर मुळातच खुला असतो. एखाद्या डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) संथ चालणारी क्वेरी तपासायला एडब्ल्यूआर, म्हणजे डेटाबेसच्या कामगिरीचा, अहवाल काढला की डायग्नोस्टिक्स पॅकचा वापर झाला आणि डेटाबेसने आपल्याच नोंदवहीत तो लिहूनही ठेवला. पॅक विकत घेतले नसतील तर नवा डेटाबेस उभा केल्याच्या दिवशीच पॅकचा प्रवेश ठरवणारा पॅरामीटर ‘नन’ करून ठेवावा, आणि वापराची ती अंतर्गत नोंद दर तिमाहीला स्वतः वाचावी.

पायरी ५: स्टँडबाय यंत्रांचा हिशेब

आपत्तीकाळासाठी ठेवलेला सर्व्हर फुकट असतो, हा समज अर्धाच खरा आहे. आयबीएमच्या भाषेत बंद ठेवलेली कोल्ड आणि चालू पण निष्क्रिय असलेली वॉर्म प्रत सहसा परवाना मागत नाही, काम करणारी हॉट प्रत मागते, आणि उत्पादनाच्या अटींत वेगळे म्हटले नसेल तर माहिती सतत जुळवून घेत राहणे हेही काम करणेच समजले जाते. ओरॅकलमध्ये डेटा गार्ड या, डेटाबेसची दुसरी प्रत जुळवून ठेवणाऱ्या सुविधेने चालणाऱ्या स्टँडबायला पूर्ण परवाना लागतो. सामायिक स्टोरेजवरच्या फेलओव्हर क्लस्टरमधल्या (एक सर्व्हर बंद पडला की दुसरा काम हाती घेतो अशा गटातल्या) एका राखीव नोडला, म्हणजे सर्व्हरला, मात्र वर्षात दहा वेगवेगळ्या दिवसांपर्यंत सूट आहे. सराव म्हणून केलेल्या स्विचओव्हरचे, म्हणजे काम मुद्दाम राखीव सर्व्हरवर नेण्याचे, दिवसही त्याच दहात येतात हे धरून वर्षाचा आराखडा करावा.

कंटेनर आणि क्लाउड

कुबरनेटीसवर, म्हणजे कंटेनर (सॉफ्टवेअरचे स्वतंत्र, हलके डबे) चालवणाऱ्या व्यवस्थेवर, आयबीएमची उत्पादने चालवताना लायसन्स सर्व्हिस हा वेगळा मोजणी घटक बसवतात आणि कंटेनरला दिलेली सीपीयूची मर्यादा मोजतात. मर्यादाच लिहिली नसेल तर अख्ख्या नोडची क्षमता धरली जाते, त्यामुळे मर्यादा न लिहिलेली वायएएमएल फाइल (कंटेनर कसा चालवायचा ते सांगणारी) पुढे जाऊच नये, असा नियम सॉफ्टवेअर बसवणाऱ्या स्वयंचलित पाइपलाइनमध्येच घालावा.

ओरॅकलने मान्यता दिलेल्या ॲमेझॉन किंवा ॲझ्युरसारख्या सार्वजनिक क्लाउडवर हायपरथ्रेडिंग असलेले दोन व्हीसीपीयू म्हणजे एक प्रोसेसर परवाना असे धरले जाते आणि तिथे कोअर फॅक्टर लागू होत नाही. आठ व्हीसीपीयू म्हणजे चार भौतिक कोअर, आणि त्यांना चार परवाने लागतात. स्वतःच्या यंत्रावर चार कोअरला दोनच लागले असते. स्थलांतराच्या आर्थिक आराखड्यात ही दुप्पट स्वतंत्र ओळीत दाखवावी.

मेनफ्रेमवर मोजणी वापराच्या जवळ जाते

आयबीएमच्या झेड मेनफ्रेमवर क्षमता एमएसयू (मिलियन सर्व्हिस युनिट्स) या एककात मोजतात. तिथल्या मासिक परवाना शुल्काच्या पारंपरिक पद्धतीत चार तासांची फिरती सरासरी काढली जाते आणि महिन्यातली तिची सर्वोच्च पातळी बिलात धरली जाते. कारखान्याच्या वीजबिलात एकूण युनिटांबरोबर महिन्यातल्या कमाल मागणीचा आकार लागतो, तसाच हा प्रकार आहे. सिस्टिमच्या एसएमएफ नोंदींतून (यंत्र आपल्या वापराच्या स्वतः लिहून ठेवते त्या नोंदींतून) एससीआरटी हे साधन मासिक अहवाल तयार करते आणि महिना २ तारखेपासून पुढच्या १ तारखेपर्यंत धरतात. इथे कामाच्या वेळापत्रकाने पैसे वाचतात. महिनाअखेरचे दोन मोठे बॅच जॉब एकाच चार तासांत धावत असतील आणि त्यांतला एक पहाटेवर ढकलता येत असेल, तर शिखर खाली येते. ज्या विभागाचे काम थोडे थांबू शकते त्याच्या एलपारला, म्हणजे मेनफ्रेमच्या वेगळ्या काढलेल्या भागाला, कपॅसिटीची मर्यादा घालणे हा दुसरा उपाय आहे. आयबीएमने २०१९ मध्ये टेलर्ड फिट प्रायसिंग आणून या शिखराच्या गणितापासून दूर जाण्याचाही पर्याय दिला आहे.

पायरी ६: सर्व्हर निवडताना परवाना आधी मोजा

कोअरवर परवाना असलेल्या सॉफ्टवेअरसाठी जास्त कोअरचा प्रोसेसर घेणे बहुधा चुकीचे ठरते. एएमडीच्या एपिक मालिकेत ७७६३ ही चिप ६४ कोअरची आहे आणि ७२एफ३ ही ८ कोअरची, पण दुसरीचा प्रत्येक कोअर अधिक वेगाने चालतो. दोन सॉकेटच्या सर्व्हरवर ओरॅकलसाठी पहिलीला ६४ आणि दुसरीला ८ परवाने लागतात. यादीच्या दराने हे ३० लाख ४० हजार विरुद्ध ३ लाख ८० हजार डॉलर झाले. या रकमांपुढे हार्डवेअरची किंमत नगण्य आहे. तुमच्या डेटाबेसला १६ वेगवान कोअर पुरतात का, हे जुन्या सर्व्हरच्या गर्दीच्या वेळच्या नोंदींवरून आधी तपासावे आणि मगच निविदा काढावी.

पायरी ७: बदलांवर पहारा आणि ऑडिटची तयारी

मोजणी बिघडते ती बहुतेक वेळा एखाद्या साध्या बदलाने: होस्ट वाढवला, दोन क्लस्टर एकत्र केले, मशीनला चार व्हीसीपीयू जास्त दिले. पुण्यामुंबईतले कित्येक चमू अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या ग्राहकांचे सर्व्हर सांभाळतात. तिथे बदल करणाऱ्याने करार कधी पाहिलेला नसतो आणि ज्याने करार पाहिला आहे त्याला बदल कळत नाही. म्हणून चेंज रिक्वेस्टच्या नमुन्यातच ‘या बदलाने परवान्याची संख्या बदलते का’ असा रकाना असावा आणि तो भरल्याशिवाय मंजुरी मिळू नये.

ऑडिटचे पत्र आले की पहिल्या दिवशी काहीही पाठवू नये आणि काहीही काढून टाकू नये. ओरॅकलच्या करारांत सर्वसाधारणपणे ४५ दिवसांची लेखी पूर्वसूचना असते. तुमच्या करारातली मुदत पाहावी. पत्रव्यवहारासाठी एकच व्यक्ती नेमावी, कोणती उत्पादने आणि कोणत्या संस्था तपासणीच्या कक्षेत आहेत हे लेखी ठरवून घ्यावे, आणि विक्रेत्याची स्क्रिप्ट चालवण्याआधी आपली मोजणी पूर्ण करावी. प्रत्येक होस्टसाठी मॉडेल, प्रोसेसर, सॉकेट, कोअर, लागू गुणक, तिथले उत्पादन आणि त्याचा ऑर्डर क्रमांक एका ओळीत मांडलेला तक्ता तयार असला तर स्क्रिप्टच्या निकालातली चुकीची ओळ त्याच बैठकीत दाखवून देता येते. तसा तक्ता नसेल तर बोलणी विक्रेत्याच्या आकड्यापासून सुरू होतात.